पुसलेला फळा

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाचा फळा लहान आहे. त्यातून त्याचा एक कोपरा उडालेला. तेवढ्या भागावर खडू उमटतच नाही. त्यामुळे भूमितीचा तास म्हणजे माझी आणि डस्टरची झटापट असते. वरच्या ओळी मुलांनी वहीत उतरविल्या न उतरविल्या तोच त्या पुसाव्या लागतात, आणि खाली जागा संपली की पुन्हा वरून सुरुवात करावी लागते. कित्येक वर्षे मी असा फळा पुसत आलो आहे. पुसताना आपण काय राखतो आणि काय घालवितो, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. तो करायला मला एका मुलीने लावले.

त्या दिवशी मी कंपासने समभुज त्रिकोण काढायला शिकवीत होतो. एक रेषाखंड काढला. त्याच्या डाव्या टोकावर कंपास रोवून रेषाखंडाएवढ्याच त्रिज्येचे एक वर्तुळ काढले. उजव्या टोकावर रोवून तेवढेच दुसरे काढले. दोन वर्तुळे जिथे छेदली, तो बिंदू दोन्ही टोकांना जोडला. झाला त्रिकोण! मी डस्टर उचलले, इतक्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली.

"गुरुजी, ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतीलच कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय की डोळ्यांना!"

वर्ग हसला. मुलगी खाली बसली. मी फळा पुसला आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

मी काही गणिती नव्हे. पेशाने मास्तर, छंदाने कादंबऱ्या लिहिणारा, आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबरीकाराला एक वाईट खोड असते. गप्प बसविलेले माणूस त्याच्या डोक्यातून जात नाही. रात्री जेवताना ती मुलगी आठवली, झोपताना आठवली. मग मी पुस्तके मिळविली, ज्यांना इंग्रजी माझ्याहून बरे येते त्यांच्याकडून काही समजावून घेतले, आणि जे कळले ते वाचून मान खाली घातली. त्या मुलीने ज्याच्यावर बोट ठेविले होते, तो दोष माझा एकट्याचा नव्हता. तो तेवीसशे वर्षांपूर्वीचा होता.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने भूमितीचा आपला तेरा खंडांचा ग्रंथ रचला. आरंभी त्याने पाच गृहीतके मांडली, पाच सर्वसामान्य तत्त्वे सांगितली, आणि जणू वाचकाशी करारच केला की, याबाहेरचे मी तुमच्यापाशी काही मागणार नाही. आता त्या ग्रंथातील पहिलीच सिद्धता कोणती? तर दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्याची. माझ्या फळ्यावरची तीच! आणि त्या पहिल्याच सिद्धतेत करार मोडला आहे. वर्तुळ काढता येते, असे एक गृहीतक सांगते. पण दोन वर्तुळे एकमेकांस छेदतात, असे एकही सांगत नाही. युक्लिडने आकृतीकडे पाहिले आणि तो पुढे गेला.

कुणी म्हणेल, हा निव्वळ काथ्याकूट झाला. छेदतात ते दिसतेच आहे. पण समजा, असा एक कागद आहे की ज्यावर फक्त असेच बिंदू आहेत, ज्यांची उभी-आडवी मापे पूर्णांकांनी किंवा अपूर्णांकांनी नेमकी सांगता येतात. असे बिंदू इतके दाट असतात की, कितीही जवळून पाहा, कागदाला भोक म्हणून दिसणार नाही. युक्लिडच्या पाच गृहीतकांपैकी एकही या कागदावर मोडत नाही. आता या कागदावर एक एकक लांबीचा आडवा रेषाखंड घ्या आणि समभुज त्रिकोण काढू पाहा. तिसऱ्या शिरोबिंदूची उंची सांगायला ३ चे वर्गमूळ लागते, आणि ते कोणत्याच अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. म्हणजे तो बिंदू या कागदावर नाहीच. दोन्ही वर्तुळे एकमेकांना न भेटता आरपार निघून जातात! सारांश, मुलीचा प्रश्न वेडगळ नव्हता. उत्तरच अपुरे होते.

हे उत्तर पुरे व्हायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १८८२ साली मॉरिट्झ पाश या जर्मन गणितज्ञाने अशीच आणखी एक गोष्ट दाखविली. त्रिकोणाच्या एका बाजूतून आत शिरलेली रेषा दुसऱ्या एखाद्या बाजूतून बाहेर पडलीच पाहिजे, हे सगळे भूमितिकार वापरीत होते, पण बोलून कुणीच दाखविले नव्हते. १८९९ साली गटिंगेनच्या डेव्हिड हिल्बर्टने भूमितीची सगळी गृहीतके नव्याने लिहून काढली. पाचांची वीसएक झाली. रेषेला भोके नाहीत, याची हमी देणारी गृहीतकेही पुढे त्यांत आली, आणि आमच्या दोन वर्तुळांची अखेर रीतसर भेट झाली.

इथे वाचकाला वाटेल की, गृहीतक एकदा लिहून टाकले म्हणजे भागले. तसे नाही. लिहिलेले गृहीतक खोटेही असू शकते. येना येथील गॉटलोब फ्रेगे या प्राध्यापकाने सगळे अंकगणित शुद्ध तर्कातून उभे करण्याचा घाट घातला होता. पहिला खंड १८९३ साली निघाला. दुसरा छापखान्यात असताना बर्ट्रांड रसेल या तरुण इंग्रज तत्त्वज्ञाचे १६ जून १९०२ चे पत्र त्याला आले. फ्रेगेच्या एका नियमाने हवे तसे समुच्चय बनविता येत. रसेलने विचारले, जे समुच्चय स्वतःचे घटक नाहीत, त्या सगळ्यांचा मिळून एक समुच्चय बनविला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हणावे तर नाही, आणि नाही म्हणावे तर आहे! इमारतीचा पायाच खचला. फ्रेगेने आठवड्याच्या आत उत्तर लिहून चूक कबूल केली, आणि छापून होत आलेल्या खंडाला एक परिशिष्ट जोडून ती जगजाहीर केली.

फ्रेगेची गोष्ट बहुधा त्याच्या पराभवाची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेविले होते की, वाद उत्पन्न झालाच तर तो या पाचव्या नियमाबद्दल होऊ शकेल. घाव नेमका तिथेच बसला. युक्लिडची चूक शतकानुशतके झाकली राहिली, कारण ती न बोललेल्या गृहीतात होती; फ्रेगेची नऊ वर्षांत सापडली, कारण त्याने ती आपल्या हाताने उजेडात मांडून ठेविली होती. बोललेले गृहीत चुकले तर सापडते. न बोललेले चुकले तर कोण शोधणार?

आपल्या शाळेत सिद्धता लिहायची एक जुनी रीत आहे: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेले, मानलेले; साध्य म्हणजे दाखवायचे. ही विभागणी तर्कशास्त्राच्या प्रत्येक ओळीत आणून बसविली ती गेरहार्ड गेंटसेन या जर्मन तरुणाने, १९३४-३५ मध्ये, वयाच्या पंचविशीत. त्याच्या पद्धतीत प्रत्येक ओळीत मध्ये एक खूण असते. डावीकडे पक्ष, उजवीकडे साध्य. सिद्धतेची कुठलीही ओळ उचला, ती कशाकशावर उभी आहे ते तिच्या डाव्या हाताला लिहिलेले सापडते. पक्षांच्या बाबतीतल्या दोन सवलतीही त्याने उघड नियम म्हणून मांडल्या. एक, न लागणारा पक्ष उगीच जास्तीचा घेतला तरी चालेल. आणि दोन, एकच पक्ष कितीही वेळा वापरला तरी चालेल. हे दोन नियम आपण पुढे भेटणार आहोत म्हणून लक्षात ठेवावेत. गेंटसेन मात्र पुढे फार जगला नाही. तो नाझी पक्षाचा सभासद होता आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठात शिकवीत होता. युद्ध संपताच तो पकडला गेला आणि ४ ऑगस्ट १९४५ रोजी तिथल्या तुरुंगात उपासमारीने मेला. माणसाचा आणि त्याच्या विचाराचा हिशेब नेहमीच एका वहीत बसतो असे नाही.

आता गोष्ट यंत्राकडे येते. माणूस सिद्धता तपासताना कंटाळतो, आकृती पाहून पुढे जातो, 'दिसतंय की' म्हणतो. संगणक कंटाळत नाही आणि त्याला काही दिसतही नाही. तेव्हा सिद्धता त्याच्याकडूनच तपासून घ्यावी, ही कल्पना पुढे आली. अशा कार्यक्रमाला सिद्धता-सहायक म्हणतात. हॉलंडातील आइंडहोव्हेन येथे निकोलास द ब्रॉइन याने १९६७ साली 'ऑटोमॅथ' नावाची अशी भाषा रचण्यास आरंभ केला, आणि त्याच्या एका सहकाऱ्याने एडमुंड लांडाउचे अंकांच्या पायाविषयीचे अख्खे पुस्तक त्या भाषेत उतरवून यंत्राकडून पायरी न् पायरी तपासून घेतले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९७२ साली रॉबिन मिल्नर हा इंग्रज संशोधक अशाच खटपटीत होता. डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाने रचलेले एक तर्कशास्त्र घेऊन त्याने 'एलसीएफ' नावाचा सिद्धता-सहायक बनविला. तो चालला, पण लवकरच माझ्यासारखी त्याची गत झाली: फळा पुरेना! सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाच्या स्मृतीत साठून राही. त्या काळच्या यंत्रांची स्मृती तोकडी. सिद्धता जरा लांबली की स्मृती भरून जाई आणि काम अडे.

मिल्नर एडिंबरोला गेला आणि १९७३ नंतरच्या वर्षांत त्याने यावर जो तोड काढला, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग आहे. त्याने ठरविले की, सिद्धता साठवायचीच नाही. पायरी करायची आणि सोडून द्यायची. ठेवायचे ते फक्त प्रमेय. त्याचा सहकारी माइक गॉर्डन याने पुढे या कामाचा इतिहास लिहिला, त्यात लहान फळ्यावर शिकविणाऱ्या आणि जागेसाठी आधीचे पुसत जाणाऱ्या गणिताच्या शिक्षकाचाच दाखला दिला आहे. तो वाचला तेव्हा मी आमच्या फळ्याकडे जरा आदराने पाहिले!

पण सिद्धता पुसल्यावर प्रमेयावर विश्वास कसा ठेवायचा? कुणीही उठून 'हे मी सिद्ध केले आहे' म्हणेल. यासाठी मिल्नरने 'एमएल' नावाची नवी संगणकभाषा रचली. तिच्यात 'प्रमेय' ही एक खास जातीची वस्तू ठेविली, आणि ती घडविण्याचा अधिकार तर्काच्या मोजक्या नियमांनाच दिला. टांकसाळीखेरीज कुणाला नाणे पाडता येऊ नये, तसे. नाणे हातात आले की ते कोणत्या दिवशी, कोणत्या कारागिराने पाडले हे विचारावे लागत नाही. छाप पुरेसा असतो. वापरणाऱ्याने बाहेर कितीही कसरती कराव्यात, खोटे प्रमेय त्याच्या हातून पडूच शकत नाही. १९७९ साली गॉर्डन, मिल्नर आणि वॉड्सवर्थ यांनी या पद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केले. केंब्रिजचे 'एचओएल' आणि 'इझाबेल' हे सिद्धता-सहायक याच घराण्यातले.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या टांकसाळीतले प्रत्येक नाणे गेंटसेनच्या धर्तीचे असते: डावीकडे पक्ष, उजवीकडे साध्य. 'अमुक मानू' असे म्हटले तरी यंत्र हरकत घेत नाही. ते फक्त 'अमुक मानल्यास अमुक' असे नाणे पाडून देते. दोन प्रमेयांची सोयरीक होऊन तिसरे जन्मले, तर दोघांचेही पक्ष त्याच्या माथी येतात, जसे दोन घरांचे कर्ज एकत्र झाल्यावर वारसाकडे येते. पायऱ्या पुसल्या जातात, पक्ष पुसले जात नाहीत. ते फेडायचे तर 'अमुक असेल तर' ही अट साध्यातच उघड लिहावी लागते, नाहीतर तो पक्ष वेगळा सिद्ध करून आणावा लागतो. तिसरा मार्ग नाही. जागा वाचविण्यासाठी काय टाकावे आणि काय कधीही टाकू नये, हे मिल्नरच्या तोकड्या स्मृतीने शिकविले. मी मात्र फळा पुसताना नेमके उलटे करीत आलो होतो. मुलांच्या वहीत पायऱ्या राहत होत्या आणि मानलेले पुसले जात होते.

काटकसरीचा आणखी एक प्रकार राहिला. तो खुद्द पक्षांच्याच वापराचा. गेंटसेनच्या दोन सवलती आठवा: पक्ष वाया घालविला तरी चालेल, कितीही वेळा वापरला तरी चालेल. 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश' हे सत्य हजार वेळा वापरले म्हणून झिजत नाही, हे खरे. पण दिवाळीच्या तोंडावर घरात एक किलो रवा आहे. तेवढ्या रव्याचे लाडू होतात, हे खरे. तेवढ्या रव्यात करंज्यांचे सारण होते, हेही खरे. म्हणून 'रवा आहे, तेव्हा लाडू आणि करंज्या दोन्ही होतील' असे तर्कशास्त्र सांगू लागले, तर स्वयंपाकघरातून त्याला काय उत्तर मिळेल ते सांगायला नको! १९८७ साली ज्याँ-इव्ह जिरार या फ्रेंच तर्कशास्त्रज्ञाने त्या दोन्ही सवलती काढून घेतल्या आणि नवे तर्कशास्त्र मांडले. त्यात पक्ष एकदाच आणि नेमका एकदाच वापरायचा. न झिजणारा पक्ष असेल, तर त्याच्यापुढे उद्गारचिन्ह काढून तसे उघड सांगायचे. संगणकाची स्मृतीही रव्यासारखीच खर्च होणारी वस्तू असल्यामुळे हा विचार पुढे संगणकभाषांत उतरला. 'इड्रिस' नावाच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत तर प्रत्येक पक्षापाशी तो शून्य वेळा वापरायचा, एकदा, की हवा तितक्यांदा, हे लिहिता येते.

लाडवांचा विषय निघालाच आहे, तर शेवटची गोष्ट त्यांचीच. ताटात लाडवांची उतरंड रचताना खालच्या तीन लाडवांच्या मधल्या खळग्यात वरचा लाडू बसवितात. गोल वस्तू याहून दाट रचता येत नाहीत, असे योहान्नेस केप्लरने १६११ साली हिमकणांवरच्या एका लहानशा पुस्तिकेत म्हटले होते. या रचनेत चेंडू सुमारे ७४ टक्के जागा व्यापतात. हे सिद्ध करायला १९९८ साल उजाडले. टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने सुमारे तीनशे पाने आणि त्यांच्या जोडीला संगणकाचे प्रचंड काम सादर केले. बारा परीक्षक बसले. काही वर्षे तपासून त्यांनी कळविले की, सिद्धता बरोबर असल्याची आमची ९९ टक्के खात्री आहे. उरलेली आम्हांला देता येत नाही.

परीक्षेत ९९ टक्के मिळाले तर आमच्याकडे पेढे वाटतात. हेल्सने त्या एका टक्क्यासाठी पुढची अकरा वर्षे घातली. २००३ साली त्याने सगळी सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याचे काम पुकारले. देशोदेशींचे लोक, विशेषतः व्हिएतनाममधले कितीतरी तरुण गणिती, त्यात सामील झाले. १० ऑगस्ट २०१४ रोजी काम पुरे झाल्याचे जाहीर झाले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. त्या अंतिम प्रमेयाचे रूप पाहण्याजोगे आहे. ते 'केप्लरचे म्हणणे खरे' एवढेच सांगत नाही. ते म्हणते: अमुक असमीकरणे खरी असतील, आणि अमुक आकृत्यांचे वर्गीकरण खरे असेल, तर केप्लरचे म्हणणे खरे. असमीकरणांचे काम एका यंत्राला आणि एका बैठकीला झेपणारे नव्हते. ते अनेक यंत्रांवर वाटून दिले आणि त्याला सुमारे ५००० तास यंत्रवेळ लागला. वर्गीकरण 'इझाबेल'मध्ये वेगळे सिद्ध झालेले होते. दोन्ही कर्जे फेडलेली होती. तरीही ती दुसऱ्या दुकानी फेडली गेली, म्हणून प्रमेयाच्या पाटीवर त्यांची नावे तशीच राहू दिली. इतका मोठा विजय, आणि इतका सरळ हिशेब!

आजच्या 'इझाबेल' आणि 'लीन' या सिद्धता-सहायकांत एक मजेदार शब्द आहे. एखादी पायरी आत्ता सिद्ध करता येत नसेल, तर तिथे 'सॉरी' लिहून पुढे जाता येते. खरोखरच 'सॉरी'! काम अडत नाही. पण 'लीन'ला नंतर विचारले की, हे प्रमेय कशाकशावर उभे आहे, तर तो गृहीतकांच्या यादीत त्या 'सॉरी'चेही नाव घेतो. मग ते प्रमेय त्या पायरीपासून कितीही दूर का असेना. चुकलो म्हणायला मनाई नाही; लपवायला आहे.

दुसऱ्या आठवड्यात भूमितीच्या तासाला मी त्या मुलीला फळ्याजवळ बोलाविले आणि वर्गाला सांगितले, "हिचा प्रश्न बरोबर होता, आणि आपण सगळे हसलो ते चुकलं. मी सर्वांत जास्त." फळ्याच्या अगदी वर, एका ओळीत, तिच्याकडून लिहून घेतले: 'पक्ष: ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात.' खाली पुन्हा सगळी रचना केली. खाली जागा संपली, पुसले. पुन्हा संपली, पुन्हा पुसले. वरच्या ओळीला डस्टर लावले नाही.

"पण गुरुजी," ती म्हणाली, "हे सिद्ध कधी करायचं?"

"मला येत नाही, बाळ. तू पुढे शिकशील तेव्हा कर, आणि मला येऊन सांग."

लक्ष्मीपूजनाला आमच्या गावचे दुकानदार नवी वही पूजतात. जुन्या वहीतले हजार व्यवहार मागेच राहतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर येते ती फक्त येणे-देणे बाकी. तिने खडू घेतला आणि फळ्यावरच्या त्या ओळीपुढे, उडालेला कोपरा चुकवून, बारीक अक्षरांत लिहिले: बाकी.